भुयाराची मोजणी

सांबप्पा मोजणीदाराच्या ओसरीवर कडूबाई वर्षातून एकदा येऊन बसायची आणि दर वर्षी एकच उत्तर घेऊन उठायची.

ती ताडकळसची. सकाळच्या एसटीनं परभणीला यायची, मोजणी कचेरीत फेरमोजणीचा अर्ज द्यायची. कारकून जुनी फाईल उघडायचा, खालची सही बघायचा आणि म्हणायचा, "बाई, ही सांबप्पाची मोजणी आहे. हिच्यात परत काय बघायचं?" मग ती तशीच चालत सांबप्पाच्या घरी. पाणी प्यायची, पदरानं तोंड पुसायची.

"साहेब, येक डाव परत साखळी टाका. न्हाईतर कागदावर लिहून तरी द्या, चुकलं असंल म्हनून."

सांबप्पा चष्म्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसत राहायचा. "बाई, मानूस चुकंल. माजी साखळी चुकत न्हाई."

प्रकरण सदुसष्ट सालचं. कडूबाईचा नवरा भुजंग आणि त्याचा चुलतभाऊ बन्सीधर यांची रानं एकमेकांना लागून. हद्दीवरून कुरबुर झाली, मोजणी मागवली, सांबप्पा गेला. त्याच्या मोजणीत भुजंगाचं कुंपण बन्सीधरच्या रानात एक साखळी, म्हणजे तेहतीस फूट, आत घुसलेलं निघालं. सांबप्पानं जागच्या जागी नवा दगड रोवला. तेहतीस फुटांची लांबलचक पट्टी भुजंगाच्या हातून गेली. पण खरं गेलं ते नाव. आमच्याकडे माणसाला चोर म्हटलं तर तो एखादवेळ हसून सोडून देईल. पण ‘बांध कोरतो’ म्हटलं की पिढीला डाग लागतो. भुजंगाच्या थोरल्या मुलीची सोयरीक त्याच बोलण्यावरून मोडली. पुढं सात वर्षं तो पारावर बसला नाही, आणि वारला तेव्हाही लोकांनी ‘बांधकोऱ्या भुजंग गेला’ असंच म्हटलं. कडूबाईनं जमिनीची आशा सोडली होती. तिला तो शब्द पुसून हवा होता, आणि तो पुसायचा तर सांबप्पाच्याच तोंडून.

आणि सांबप्पा काही दुष्ट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, पूजेशिवाय चहा नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं कुणाच्या घरचा शिधा घेतला नाही की कुणाच्या बैलगाडीत फुकट बसला नाही. जिल्ह्यात त्याचा दगड म्हणजे देवाचा दगड. फक्त एवढं झालं होतं, की लोक म्हणत होते ते त्यालाही खरं वाटू लागलं होतं. शहाऐंशीला पेन्शनीत निघाला तरी चालताना पावलं मोजायची खोड गेली नाही. घरापासून स्टेशन किती साखळ्या, महादेवाचं देऊळ किती साखळ्या, सगळं तोंडपाठ. त्याची बायको गौराबाई म्हणायची, "मला मागनी घालायला आले तवा बी ह्यांनी आमचा गुरांचा वाडगा मोजला आसंल."

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्यात हा माणूस पडला. साऱ्या जिल्ह्याची ढेकळं तुडवलेला, नदीनाले उतरलेला, आणि पडला कुठं तर घरच्या न्हाणीत, साबणावरून पाय घसरून. मांडीचं हाड मोडलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आणि तीन महिने बाजेवर.

पहिल्या आठवड्यात त्यानं वरच्या माळवदाच्या लाकडी कड्या मोजल्या. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरचे पोपडे. तिसऱ्या आठवड्यात तो गौराबाईच्या स्वयंपाकघरातल्या फेऱ्या मोजू लागला तेव्हा तिनं मुलाला सांगितलं, "बसवराज, ह्यांना कायतरी काम दे. न्हाईतर मी माझ्या बहिनीकडं जाते."

बसवराज टेलिफोन खात्यात होता. हैदराबादला ट्रेनिंगला गेला तेव्हा तिथल्या एका सोबत्याकडून त्यानं एक वापरलेला कॉम्प्युटर आणला होता. कॉम्प्युटर म्हणजे काय, पाटीएवढा काळा डबा आणि त्यावर रबराच्या बटनांच्या रांगा. त्याची वायर टीव्हीला जोडायची, दुसरी वायर टेपरेकॉर्डरला. कॅसेट लावली की गाणं वाजायच्या ऐवजी कुणी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज यायचा. पाच-सहा मिनिटं तो आवाज सोसला, आणि मधे लाईट गेली नाही, तर टीव्हीवर खेळ उमटायचा. गौराबाई तेवढा वेळ परसात जाऊन बसायची.

खेळ भुयाराचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा. समोर बोळ, बोळाला डावी-उजवी वळणं, कुठं दार, कुठं खाली जायचा जिना. बटन दाबलं की भुयारातला गडी एक पाऊल पुढं जायचा आणि रेघा बदलून पुढचा बोळ दिसायचा. मधेच सांगाडा किंवा राक्षस आडवा यायचा, खाली इंग्रजीत ओळ उमटायची. मग लढायचं नाहीतर पळायचं. सगळ्यांत खालच्या मजल्यावर एक रत्न ठेवलेलं. ते घेऊन जिवंत वर यायचं, एवढंच काम.

"रत्न कोनत्या सर्व्हे नंबरात हाय?" सांबप्पानं विचारलं.

"अप्पा, तिथं सर्व्हे नंबर नसतात."

"नक्शा?"

"नक्शा पन न्हाई. आपला आपन शोधत जायचं."

बिननकाशाचा मुलूख! सांबप्पा उशीला टेकून बसला. त्याला रत्नाचं काही नव्हतं, राक्षसांचंही नव्हतं. इतकी वर्षं कुणीही साखळी न टाकलेलं रान समोर पडलं होतं आणि त्याला बाजेवरून पाय खाली ठेवायची गरज नव्हती. "माजी टिपनवही काढ," तो गौराबाईला म्हणाला, "अन् पेन्सिलीला टोक करून दे."

खेळ सुरू होताना गड्याचं नाव विचारायचा. बसवराजनं स्वतःचं घालू का म्हटलं. सांबप्पा म्हणाला, "म्होरं चालायचं काम माजं न्हवं. पंडितचं घाल."

पंडित म्हणजे त्याचा साखळीवाला. मोजणीत साखळीचं पुढचं टोक धरून जाणारा, टोक पोचलं की जमिनीत लोखंडी सुई खुपसणारा. बावीस वर्षं पंडित पुढं आणि सांबप्पा मागं अशी दोघांनी तीन तालुक्यांची रानं पालथी घातली होती. त्याच्या घराण्याचा शब्द शिवेच्या भांडणात साक्ष म्हणून पूर्वीपासून चालत आलेला. आता तोही थकला होता, भीमनगरात मुलाजवळ राहायचा.

तर सांबप्पानं एका बोटानं नाव टिपलं आणि भुयारात पंडितला सोडलं. बटन दाबायचं, "एक," म्हणायचं; बटन दाबायचं, "दोन." वळण आलं की वहीत रेघ. दाराला त्यानं पांदीची, म्हणजे शेतवाटेची, खूण केली, जिन्याला विहिरीची, आणि जिथं हमखास राक्षस निघतो तिथं चिंचेचं झाड काढलं. प्रत्येक खोलीला सर्व्हे नंबर, खोलीतल्या कप्प्याला पोटहिस्सा. बसवराजनं ती वही बघून कपाळाला हात लावला. "अप्पा, सातबारा तेवढा काढायचा राहिलाय."

"राक्षसाचं नाव कळू दे, तोबी काढतो."

मोजण्यात तो असा बुडायचा, की लढायचं बटन दाबायला हमखास उशीर व्हायचा आणि पंडित मरायचा. दिवसातून तीन-चार वेळा. एका दुपारी गौराबाई भाकरी थापत होती, आणि खोलीतून सांबप्पाचा कळवळून आवाज आला, "आरं आरं, पंडित मेला की!"

गौराबाई पिठाच्या हातानंच बाहेर आली. खोलीत डोकावायचं तिला सुचलं नाही. परटाची चतुराबाई दारातून जात होती, तिला म्हणाली, "अगं, ह्यांचा पंडित गेला गं. लय भला मानूस." चतुराबाई भीमनगराच्या अंगानंच चालली होती. आत येऊन गौराबाईला खरं काय ते कळलं, तोवर चतुराबाई आणि बातमी दोघीही दिसेनाशा झाल्या होत्या.

दरम्यान सांबप्पाचं वेगळंच दुखणं सुरू झालं होतं. पहिला मजला वहीत नीट उतरला. दुसऱ्या मजल्यावर जिन्यापासून निघून, चार वळणं घेऊन, उलट बाजूनं परत त्याच जिन्याशी येणारा एक बोळ होता. टीव्हीवर तो जिन्यापाशी यायचा. वहीत मात्र जिना एक घर, म्हणजे एक पाऊल, लांब राहायचा. नकाशा मिटत नव्हता, रेघ निघाल्या जागी येऊन जुळत नव्हती. मोजणीदाराला याहून मोठी शिवी नाही. निघालेल्या खुंटाला परत येऊन टेकलं नाही, तर मधे कुठंतरी खोटं लिहिलंय, हा या धंद्याचा पहिला धडा. त्यानं पाच वेळा मोजलं. कधी एक घर फरक, कधी दोन, एकदा बरोबर. आठ दिवस त्याचं जेवणावरून मन उडालं.

"ह्या डब्याची साखळी झिजलीय," तो म्हणाला.

"अप्पा, कॉम्प्युटर मोजायला चुकत न्हाई," बसवराज म्हणाला. "तुमचंच कायतरी चुकत असंल."

"चुकत न्हाई म्हन्जे? आसं कुनाचं चुकत नसतं का?" सांबप्पा इतका भडकला, की बसवराज ऑफिसला अर्धा तास आधीच निघून गेला.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद होता. दुकानं बंद, एसटी बंद, रिक्षासुद्धा नाही. अकराच्या सुमाराला काठी टेकत, डोक्याला स्वच्छ पांढरा पटका बांधून पंडित दारात उभा राहिला.

"साहेब, पोरगं मोर्चाला गेलंय. म्हनलं आपन साहेबांचा पाय बघून यावं." उंबऱ्यावर बसत तो म्हणाला, "अन् दुसरं म्हन्जे, मी मेलो म्हनून ऐकलं. सुतकाला चार मानसं येऊन गेली घरी. म्हनलं खरं का खोटं, साहेबांनाच इचारावं."

गौराबाईनं लाजून पदर तोंडाला लावला. सांबप्पा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी हसला, आणि त्यानं सगळी हकीगत सांगितली. पंडितला आपलं मरण बघायची हौस आली. पण टीव्ही बाजेच्या पायथ्याशी, उंबऱ्यावरून दिसेना. "आत ये की," सांबप्पा म्हणाला. पंडित आत येऊन बाजेशेजारच्या पेटीवर बसला. इतक्या वर्षांच्या सोबतीत तो या खोलीत पहिल्यांदा बसत होता. त्याला आत ये असं याआधी कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

कॅसेट किंचाळून शांत झाली. सांबप्पानं दुसऱ्या मजल्यावरचा तोच बोळ धरला. "नऊ," बटन. "धा," बटन. "अकरा." पंडित मान पुढं काढून बघत होता. त्याची नजर राक्षसावर नव्हती, गड्याच्या पावलावर होती. ती त्याची सवयच. "बारा," म्हणून सांबप्पानं बटन दाबलं आणि सांगाडा आडवा आला. हाणामारी झाली, सांगाडा पडला. "तेरा."

"थांबा साहेब," पंडित म्हणाला.

"काय?"

"बारावं पाऊल पडलंच न्हाई."

"पडलं की. मी बटन दाबलं."

"तुमी दाबलं. पर त्ये भूत आडवं आलं न्हवं का? गडी जाग्यावरच ऱ्हायला. ते बगा, डाव्या अंगाचं दार. अकराला जिथं व्हतं, भांडन मिटल्यावर बी तिथंच व्हतं. भांडन झालं, मिटलं, अन् तुमी तिथनंच तेरा म्हनायलाव. आकडा म्होरं गेला, गडी मागंच हाय."

सांबप्पानं गडी मागं नेला आणि तोच बोळ पुन्हा चालला. या खेपेला राक्षस आडवा आला, की तो आकडा त्यानं मोजला नाही. चार वळणं झाली, उलट बाजूनं गडी परत आला, आणि वहीतली रेघ जिन्याच्या खुणेवर येऊन अलगद टेकली. नकाशा मिटला.

पंडितला वाटलं साहेब आता शाबासकी देणार. पण सांबप्पानं वही बाजूला सारली. असंच वाक्य त्यानं याच माणसाच्या तोंडून एकदा ऐकलं होतं.

"पंडित," तो म्हणाला, "ताडकळसला त्या दिशी तू काय म्हनला व्हतास?"

गौराबाईनं आणून दिलेली चहाची बशी पंडितनं खाली ठेवली. "आता त्याचं काय, साहेब."

"म्हन तू."

"साखळी उचललीच न्हाई म्हनलो व्हतो. नववी साखळी टाकायची व्हती. तुमी ‘नऊ’ म्हनलात, अन् तेवढ्यात भुजंगराव अन् बन्सीधरराव येकमेकांच्या गचांडीला आले. तुमी साखळी टाकून मधी पडलात. सुया पायाखाली गेल्या, कुठली कुनाची कळंना. भांडन मिटलं, तुमी परत आलात अन् ‘धा’ म्हनलात. साखळी तिथंच पडलेली व्हती."

"मग मी काय म्हनलो?"

"तुमी म्हनलात, तू साखळी धर, मोजायचं काम माजं हाय."

"मग परत का न्हाई सांगितलंस?"

"येकदा सांगितलं व्हतं की," पंडित म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर सांबप्पाला सोपं गेलं असतं.

कागदावर काय लिहिलं ते पंडितला माहीत नव्हतं, सांबप्पाला माहीत होतं. त्या दिवशी नकाशाप्रमाणे भुजंगाच्या बाजूच्या सोळा साखळ्या मोजून, खऱ्या पंधराच टाकून, त्यानं दगड रोवला, आणि बन्सीधरच्या बाजूच्या चौदा मोजल्याच नाहीत. ऊन कलतं, दोन्हीकडची माणसं तापलेली, त्याचंही डोकं तापलेलं. त्यानं झाडाखाली बसून चौदाचा आकडा जुन्या नकाशावरून उतरवून घेतला. पलीकडच्या दगडापर्यंत साखळी नेली असती, तर तिथं चौदाच्या जागी पंधरा निघाल्या असत्या आणि चूक त्याच दिवशी, त्याच उन्हात सापडली असती. पण त्यानं नकाशा मिटवला नाही. मिटला असं लिहिलं. टीव्हीतल्या खोट्या भुयारासाठी त्यानं आठ दिवस अन्न गोड लागू दिलं नव्हतं आणि जित्या माणसाच्या रानासाठी अर्धा तास दिला नव्हता. सांबप्पाला स्वतःची शरम वाटली. अशी शरम त्याला जन्मात कधी वाटली नव्हती, त्यामुळे ती कुठं ठेवावी हेही त्याला कळेना.

गौराबाईला सांगितलं तेव्हा ती घाबरली. "इतक्या वर्साचं कशाला उकरायचं? तुमचं नाव हाय जिल्ह्यात. कुनाला ठाव तरी हाय का?"

"पंडितला ठाव हाय."

"तो कुनाला सांगनार न्हाई."

"हाव. तो न्हाई सांगनार," सांबप्पा म्हणाला. "म्हनूनच."

प्लास्टर निघालं, काठी आली. त्यानं मोजणी कचेरीला स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला: अमुक साली केलेली अमुक मोजणी माझ्या हातून चुकली आहे, दुसरी बाजू मी न मोजता लिहिली आहे, फेरमोजणी व्हावी. कारकुनानं अर्ज दोनदा वाचला आणि खुर्ची पुढं केली. पण कचेरीचं काम कचेरीच्या चालीनं होणार. चैत्रात रानं मोकळी झाली तसं सांबप्पानं कडूबाईला एक कार्ड टाकलं आणि पंडितला घेऊन ताडकळसची एसटी धरली. पिशवीत जुनी साखळी होती. दोघांनी ती आदल्या दिवशी ओसरीवर पसरून फूटपट्टीनं तपासली होती.

रानात पंधरा-वीस माणसं जमली होती. बन्सीधर आता म्हातारा, धाप लागणारा, पण ताठा तसाच. कडूबाई एकटीच बांधावर उभी होती.

सांबप्पानं काठीवर भार दिला. "ही सरकारी मोजनी न्हवं. मी पेन्शनर मानूस. पर सरकारी व्हायच्या आधी तुमच्या डोळ्यांदेखत व्हावी म्हनून आलो. साखळी पंडित धरील, अन् मोजनार बी पंडितच. मी नुसता बघनार. मागचं टोक बन्सीधरराव, तुमी धरा."

"मी कशाला?" बन्सीधर म्हणाला.

"म्हन्जे साखळी उचलली का न्हाई, ते तुमच्या हाताला कळंल."

भुजंगाच्या बाजूच्या शिवेच्या दगडापासून सुरुवात झाली. पंडित टोक घेऊन पुढं जायचा, सुई खुपसायचा, मोठ्यानं आकडा म्हणायचा, आणि जमलेली माणसं तोच आकडा परत म्हणायची. आठ. नऊ. दहा. सांबप्पा बांधाबांधानं, काठी टेकत, बरोबरीनं चालत होता. चौदा झाल्या. पंधरावी साखळी ताणली गेली आणि पंडितच्या हातातलं टोक सांबप्पाच्या दगडावर येऊन टेकलं.

"पंधरा," पंडित म्हणाला.

या खेपेला कुणी मागून म्हटलं नाही. नकाशात सोळा होत्या, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ होतं. पंडितनं दगड ओलांडला, बन्सीधरच्या रानात आणखी एक साखळी टाकली आणि सुई खुपसली. "सोळा." भुजंगाचं कुंपण पूर्वी तिथंच होतं, खाली बोरीची जुनी खुटं अजून दिसत होती.

सांबप्पानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "भुजंगरावानं बांध कोरला न्हाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चूक माजी. ह्या पंडितनं मला तवाच सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई."

कडूबाई त्याच्या समोर येऊन उभी राहिली. रडली नाही.

"साहेब, मी दर साली तुमच्या दारात येत व्हते. येकदा बी साखळी काढून बघावी, आसं वाटलं न्हाई तुमाला?"

खोटं बोलायला जागा होती. पाय, नोकरी, कचेरीचे नियम, काहीही सांगता आलं असतं.

"न्हाई वाटलं, बाई," सांबप्पा म्हणाला.

मागं कुणीतरी म्हणालं, चला, झालं, कडूबाईचं निघालं. पंडित साखळी गोळा करायला वाकला.

"थांबा," कडूबाई म्हणाली. "माझ्या बाजूनं निघालं म्हनून थांबू नका. भावजींची बाजू राह्यलीय. ती बी मोजा. उद्या त्यांच्या लेकराला कुनी काय म्हनायला नको."

बन्सीधरनं मान खाली घातली. सांबप्पानं टोपी डोक्यावर ठेवली आणि काठी सावरली. सोळाव्या सुईपासून साखळी परत निघाली, पलीकडच्या दगडाकडं. पंडित पुढं, बन्सीधर मागं, आणि त्याच्याही मागं, आता बांध सोडून ढेकळांतून, एक पाय ओढत सांबप्पा. ऊन चढलं होतं, तरी कुणी घरी गेलं नाही. एक, दोन, तीन असं सगळेच म्हणत होते, फक्त बन्सीधर बोलत नव्हता. तेरा झाल्या. पंडितनं शेवटची साखळी ताणली, टोक दगडाला लावलं आणि आकडा न म्हणता मागं वळून बघितलं.

बन्सीधरच्या मुठीत साखळी ताठ झाली होती. "चौदा," तो म्हणाला.

पंडितनं सुई खुपसली.